जुन्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल मिळवताना

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या घटस्फोटाचा कागद अचानक लागतो तो बहुधा पेन्शनसाठी, पुनर्विवाहाच्या नोंदणीसाठी किंवा परदेशाच्या व्हिसासाठी. आमच्याकडे कारण पेन्शनचे होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आई गेली. थोरली बहीण घटस्फोटित, आईच्या पेन्शनवरच अवलंबून. केंद्राच्या नियमांत २००४ पासून पंचवीस वर्षांवरच्या घटस्फोटित मुलीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तिने पुनर्विवाह केलेला नसावा आणि तिचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई सवलत या मर्यादेच्या आत असावे, या त्यातल्या मुख्य अटी. ताईचे सगळे त्यात बसत होते. डिसेंबरमध्ये कार्यालयाचे पत्र आले: सक्षम न्यायालयाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे डिक्रीची, प्रमाणित प्रत जोडा.

ती प्रत घरात नव्हती. दोन घरे बदलताना गेली असावी. ज्या वकिलांनी काम पाहिले ते हयात नाहीत आणि त्यांचे कार्यालयही बंद झालेले. जानेवारी २०२४ मध्ये शोध सुरू केला तेव्हा हाताशी काय होते, तर निकाल १९९८ साली लागला एवढी ताईची आठवण, पुढची तारीख कळवणारे वकिलांचे एक पोस्टकार्ड आणि पोटगीच्या मनीऑर्डरींची काही कुपने. प्रकरणाचा क्रमांक कशावरच नव्हता.

कागद शोधायला निघण्यापूर्वी घटस्फोट नेमका कसा झाला होता याची खात्री करून घ्या. आपल्याकडे अनेक समाजांत काडीमोड पंचांसमोर किंवा नोटरीकडे फारकतनामा लिहून होत आला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे, पण त्याची नोंद कोर्टात नसते, म्हणून ती कोणत्याही रेकॉर्ड रूममध्ये सापडणार नाही. तिथे पुढचा रस्ता वेगळा आहे: घटस्फोट झाल्याचे जाहीर करून मागणारा दावा, आणि त्यासाठी वकील. दुसरी गोष्ट, पोटगीचा आदेश म्हणजे घटस्फोट नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आदेश (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) लग्न टिकून असतानाही मिळतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० ची न्यायिक विभक्ततासुद्धा घटस्फोट नाही. त्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास सुरू झाला नाही तर घटस्फोट मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज करून नवा हुकूमनामा घ्यावा लागतो. जुन्या कागदावर कोर्टाचा शिक्का आणि ‘हुकूमनामा’ हा शब्द पाहून लोक निर्धास्त राहतात. कलम कोणते आहे ते वाचा. ९ म्हणजे नांदायला येण्याचा हुकूम, १० विभक्तता, ११ आणि १२ विवाह शून्य किंवा रद्द ठरवणे, १३ घटस्फोट, १३-ब परस्पर संमतीचा घटस्फोट.

मग कोर्ट कोणते? आज शहरात कौटुंबिक न्यायालय आहे म्हणून सगळे आधी तिथेच जातात. कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ चा असला तरी न्यायालये टप्प्याटप्प्याने आली. पुणे आणि मुंबईत १९८९ मध्ये, बाकी ठिकाणी नंतर, आणि काही जिल्ह्यांत बऱ्याच उशिरा. त्याआधी हिंदू विवाह कायद्याची प्रकरणे जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालत, तर मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात. अधिनियमाच्या कलम ८ नुसार कौटुंबिक न्यायालय सुरू झाले त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे तिकडे वर्ग झाली. त्याआधी निकाली निघालेली प्रकरणे जुन्या कोर्टाच्या अभिलेखातच राहिली. म्हणून दोनच तारखा ताडून पाहायच्या: आपला निकाल कधीचा आणि आपल्या शहरात कौटुंबिक न्यायालय कधी सुरू झाले. आमचा निकाल आमच्या शहरात ते सुरू होण्याआधीचा, म्हणजे कागद जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या मध्यवर्ती अभिलेख कक्षात असणार हे घरी बसूनच कळले.

निकाल नंतरचा असेल आणि अर्ज आधीचा, तर एकाच प्रकरणाला दोन क्रमांक असतात. एक जुन्या कोर्टातला हिंदू विवाह अर्जाचा, म्हणजे एच.एम.पी. क्रमांक, आणि दुसरा वर्ग झाल्यावर मिळालेला. कौटुंबिक न्यायालयात क्रमांकाआधी अक्षर असते. एका बाजूने मागितलेल्या घटस्फोटाला ‘ए’, मुलांच्या ताब्याला ‘डी’, कलम १२५ च्या पोटगीला ‘ई’, परस्पर संमतीला ‘एफ’. अक्षर चुकले तर क्रमांक बरोबर असूनही दुसऱ्याच कुणाची फाइल समोर येते, म्हणून अर्जात अक्षर, क्रमांक आणि वर्ष तिन्ही लिहायचे. तालुक्याच्या गावात वरिष्ठ स्तर न्यायालय नंतर झाले असेल तर तिकडे काही रेकॉर्ड गेलेले असू शकते, तेही विचारून घ्यावे.

ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या, संकेतस्थळावर आम्ही शोधले. तिथे जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राच्या कौटुंबिक न्यायालयांची नोंद जिल्हा न्यायालयापासून वेगळी आहे. नुसते शहराचे नाव निवडून शोध घेतला तर कौटुंबिक न्यायालयातले प्रकरण दिसत नाही आणि प्रकरणच नाही असा समज होतो. पक्षकाराच्या नावाने शोधताना नोंदणीचे वर्ष द्यावे लागते आणि ‘प्रलंबित’ ऐवजी ‘निकाली’ निवडावे लागते. नावाचे रोमन स्पेलिंग कोर्टातल्या टंकलेखकाने केलेले असते, म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाकावीत आणि विवाहापूर्वीचे व नंतरचे अशा दोन्ही नावांनी पाहावे. सापडले तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (त्या प्रकरणाची ई-कोर्ट्सवरची ओळख) लिहून घ्या, पुढचे सगळे सोपे होते. मात्र संगणकीकरणाच्या आधी निकाली निघालेले प्रकरण तिथे बहुधा नसते. आमचेही नव्हते. आणि तिथून उतरवलेल्या प्रतीला प्रमाणित प्रतीची किंमत नाही, ती फक्त क्रमांक कळण्यापुरती.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा असे अनेकांनी सुचवले. तो वेळ वाया जातो. न्यायालयीन कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायचे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये दिला आहे.

आता राहिले नोंदवहीत शोधणे. इथे सगळ्यांचा घोटाळा होतो तो वर्षाचा. माणसाला निकालाचे साल आठवते आणि नोंदवही असते दाखल झाल्याच्या सालाची. १९९८ च्या वहीत आमचे प्रकरण असणारच नव्हते. दाखल झाल्याचे साल काढायला घरातले किरकोळ कागद कामी येतात: समन्सचे पाकीट, वकिलांची पत्रे, नावबदलाचे राजपत्र, अंतरिम पोटगीच्या पावत्या. पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का १९९६ च्या उन्हाळ्याचा होता आणि मजकुरात ‘साक्षीसाठी’ असे होते. साक्ष १९९६ ला, म्हणजे अर्ज त्याच्या आधीचा. पहिल्या मनीऑर्डरीवरून अंतरिम पोटगी १९९५ च्या अखेरीस सुरू झाल्याचे दिसले. तेव्हा १९९४ आणि १९९५ या दोन वह्या पाहायच्या, असे ठरले. काहीच कागद नसेल तर कायद्यातून अंदाज काढता येतो. लग्नाला एक वर्ष होईपर्यंत सहसा घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. परस्पर संमतीत अर्ज आणि निकाल यांत किमान सहा महिने असतात. ही मुदत माफ करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खुला केला, त्याआधीच्या प्रकरणात सहा महिने धरून चाला.

फेब्रुवारीत ताईच्या सहीने शोध अर्ज दिला. सही तिचीच हवी होती. भाऊ म्हणून मला त्या प्रकरणात काही स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार ही प्रकरणे बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापायला बंदी आहे. पक्षकार स्वतः येऊ शकत नसेल तर वकीलपत्र देऊन वकिलामार्फत अर्ज करणे सगळ्यात सरळ. पक्षकार वारला असेल आणि मुलांना प्रत हवी असेल तर मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारा पुरावा आणि प्रत कशासाठी हवी हे सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. हे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. शासकीय कार्यालये आणि न्यायालये यांच्यापुढे दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने १ जुलै २००४ पासून माफ केले आहे. तरीही कोर्टाबाहेर स्टॅम्प पेपर गळ्यात मारला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचे मुद्रांक शुल्क आल्यावर तो खर्च आणखी बोचतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय त्याच आवारात असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० ही मदतवाहिनी आहे. कोर्टाच्या फाटकाशी ‘हजारांत काम करून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात, त्यांची काही गरज नाही. सगळा अधिकृत खर्च काही शे रुपयांच्या आत राहतो.

शोध अर्जात आम्ही दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावे, नवऱ्याचे नाव लावलेले आणि माहेरचे असे ताईचे दुहेरी नाव, लग्नाचे ठिकाण, दोन संभाव्य वर्षे आणि निकालाचे साल लिहिले. टेबलावरच्या बाईंनी वाचून एकच प्रश्न विचारला, “ताई, आधी अर्ज कोणी केला होता, तुम्ही की त्यांनी?” ताईला वाटत होते तिने. पण नोंदवहीत नाव अर्जदाराचे आधी येते आणि १९९५ च्या वहीत तिचे नाव अर्जदार म्हणून पुढे येईना. नवऱ्याच्या नावाने पाहिल्यावर सापडले. त्याने आधी कलम ९ खाली नांदायला येण्याचा अर्ज केला होता आणि ताईचा कलम १३ चा अर्ज त्यानंतरचा, पुढच्याच वर्षाच्या वहीत होता. अंतरिम पोटगी सुरू झाली ती नवऱ्याच्या अर्जात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ती जाबदारालाही, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्यालाही, मागता येते, आणि त्यामुळेच आमचा अंदाज एका वर्षाने मागे गेला होता. तेव्हा शोधताना दोघांनाही आलटून पालटून अर्जदार आणि जाबदार धरून पाहा, आणि अंदाजाच्या सालाच्या पुढचे-मागचे एकेक सालही सोडू नका.

वहीतली नोंद मिळाली की शेरा रकान्यापर्यंत पूर्ण उतरवून घ्या: क्रमांक, दाखल तारीख, निकालाची तारीख, निकालाचा प्रकार, अपील झाल्याचा शेरा. निकालाची तारीख फार महत्त्वाची आहे, कारण निकाली फाइली अभिलेख कक्षात जातात तेव्हा त्यांचे गठ्ठे निकालाच्या काळाप्रमाणे लागतात. नुसता क्रमांक दिला तर शिपाई कुठल्या रॅकवर पाहणार? आम्ही नोंदवहीच्या त्या उताऱ्याची प्रमाणित नक्कलही मागून घेतली. फाइल पुढे मिळालीच नाही, तर प्रकरण होते आणि त्याचा निकाल अमुक तारखेला अमुक लागला हे सांगणारा तेवढाच कागद हाती राहतो.

मार्च गठ्ठा सापडण्याची वाट पाहण्यात गेला. रोज फोन करून काही होत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे ना एवढे पाहावे आणि आठवडा-पंधरवड्याने तो क्रमांक सांगून प्रत्यक्ष विचारावे. गठ्ठ्यात फाइल नसली तर लगेच ‘गहाळ’ म्हणून घाबरू नका. ती बाहेर असण्याची ठरलेली कारणे आहेत. अपील झाले असेल तर मूळ रेकॉर्ड, ज्याला कोर्टात सगळे ‘आर अँड पी’ (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज) म्हणतात, वरच्या कोर्टात गेलेले असते. पोटगीच्या थकबाकीसाठी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, झाली असेल तर फाइल दरखास्तीला जोडलेली असते. आणि दोन प्रकरणांचा निकाल एकत्र लागला असेल तर मूळ निकालपत्र एकाच फाइलमध्ये असते. आमच्याकडे हे तिसरे कारण निघाले. ताईच्या अर्जाच्या फाइलमध्ये निकालपत्राच्या जागी एका ओळीची टीप होती, की सामायिक निकालपत्र नवऱ्याच्या अर्जात निशाणीस (फाइलमधल्या कागदाला दिलेल्या क्रमांकावर) आहे. नक्कल अर्जात एकच क्रमांक लिहिला असता तर ‘कागद उपलब्ध नाही’ असा शेरा पडून तो परत आला असता. दोन्ही क्रमांक लिहिले, आणि निकालपत्र एका फाइलमधून, हुकूमनामा दुसऱ्या फाइलमधून असे स्पष्ट मागितले.

हे आधी कळले ते पाहणीमुळे. नक्कल मागण्यापूर्वी रेकॉर्ड पाहण्याचा वेगळा अर्ज करता येतो, आणि जुन्या प्रकरणात तो जरूर करावा. लिपिकासमोर बसून फाइल चाळायची, काही काढायचे नाही, पेनने खूण करायची नाही, पेन्सिलने आपल्या वहीत निशाणी क्रमांक आणि पाने टिपून घ्यायची. ताईला ते जड गेले. स्वतःच्या साक्षीची पाने, उलटतपासणीतले प्रश्न, तिशीतली स्वतःची सही. तिने साक्षीची पाने वाचली नाहीत आणि मीही नाही. त्यांची गरज नव्हती. कुणाला सोबत नेणार असाल तर असे माणूस न्या की जे नको तिथे पान उलटवेल.

जुन्या फाइलमध्ये सगळे कागद असतील असे धरू नये. न्यायालयीन कागदांचे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे ते जपण्याची मुदत ठरते. निकालपत्र आणि हुकूमनामा सगळ्यात जास्त जपले जातात. समन्स, किरकोळ अर्ज, मुदतीच्या पुरसीस (कोर्टाला कळवण्याच्या लेखी चिठ्ठ्या) नष्ट झालेल्या असू शकतात. पक्षकारांनी हजर केलेले मूळ दस्त अनेकदा त्यांना परत दिलेले असतात. विवाह समुपदेशकांशी झालेले बोलणे गोपनीय असते, त्याची नक्कल मागू नये.

मागायचे काय? बहुतेक कामांना निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही लागतात. निकालपत्रात कारणे असतात. हुकूमनाम्यात प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावे आणि अमुक तारखेपासून विवाह विसर्जित झाला हे एक-दोन पानांत असते. परस्पर संमतीच्या प्रकरणात संमतीच्या अटींचा कागदही मागावा, कारण हुकूमनाम्यात ‘अटींप्रमाणे’ एवढेच असते आणि मुलांचा ताबा, पोटगी, फ्लॅट हे सगळे त्या अटींत. केंद्राच्या पेन्शनसाठी आणखी एक कागद काहींना लागेल: दाखल तारीख दाखवणारा. घटस्फोटाचा निकाल आई-वडील गेल्यावर लागला, पण अर्ज त्यांच्यापैकी कुणाच्या हयातीत दाखल झाला होता, तर मुलीला हक्क आहे, असे १९ जुलै २०१७ च्या कार्यालयीन ज्ञापनाने ठरले. अशा वेळी मूळ अर्जाचे पहिले पान आणि रोजनाम्याचे (तारीखवार कामकाजाच्या नोंदीचे) पहिले पान यांची नक्कल घ्यावी. दाखल तारखेचा शिक्का तिथे असतो.

एप्रिलमध्ये नक्कल विभागात अर्ज दिला. त्यात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावे, निकालाची तारीख, हवे असलेले कागद निशाणी क्रमांकांसह, किती प्रती, साधी की तातडीची, अर्जदाराचे प्रकरणातले स्थान, पत्ता, फोन आणि सही एवढे असले की पुरे. ओळखपत्राची प्रत जोडायची. पक्षकाराला निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची प्रत खर्च भरून मिळण्याचा हक्क दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम २० मध्ये आहे. सार्वजनिक दस्ताच्या प्रमाणित प्रतीची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे. घटस्फोट, पोटगी यांसारख्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. अर्जावरच्या स्टॅम्पबद्दल विचारताना या अधिसूचनेची तारीख सांगावी. नक्कल काढण्याचा पानागणिक खर्च मात्र वेगळा असतो आणि तो आम्ही भरला. दर फलकावर लावलेले असतात. तातडीच्या नकलेला जास्त.

अर्ज दिल्यावर काम संपत नाही, आणि इथे पुष्कळ अर्ज अडकून पडतात. आधी अंदाजे खर्च काढतात आणि तो भरल्यावरच नक्कल सुरू होते. रक्कम भरायला कुणी गेले नाही तर अर्ज तसाच राहतो आणि शेवटी निकाली काढला जातो. किती रक्कम पडली हे विचारायला स्वतःच जावे, फोन येईल या भरवशावर राहू नये. जाण्याची वेळ दुपारच्या सुट्टीआधीची बरी. मे महिना मध्ये आला. उन्हाळी सुट्टीत कार्यालय उघडे असले तरी माणसे कमी असतात, त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धात दिलेला अर्ज जूनवर जातो हे गृहीत धरा. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांचेही तसेच. पेन्शन कार्यालयाला या काळात नक्कल अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स जोडून ‘प्रत मिळताच सादर करतो’ असे पत्र दिले, त्यामुळे ताईचा अर्ज तिथे बंद झाला नाही. हे पत्र देऊन त्यावर पोच घ्याच.

जूनमध्ये नक्कल मिळाली. काउंटर सोडण्याआधी ती तिथेच उभे राहून तपासली. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी ‘खरी नक्कल’ आणि अधिकाऱ्याची सही, नक्कल करणाऱ्याची आणि रुजुवात करणाऱ्याची (मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्याची) आद्याक्षरे, आणि अर्ज केल्याची, खर्च भरल्याची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची तारीख. या तारखा अपिलात मुदत मोजायला लागतात, म्हणून जिथे अपील करायचे आहे तिथे त्या दुप्पट काळजीने पाहाव्यात. आमच्या प्रतीत मूळ कागदाची घडी पडलेली एक ओळ छायाप्रतीत गेली होती. ती नेमकी तारखेची होती. लगेच दाखवल्यावर ते पान पुन्हा काढून दिले. घरी आल्यावर लक्षात आले असते तर नवा अर्ज करावा लागला असता.

नावाचा प्रश्न उरतोच. हुकूमनाम्यात सासरचे नाव, आधार आणि पेन्शनच्या कागदांत माहेरचे, शिवाय वडिलांच्या सेवापुस्तकात लहानपणीचे. कोर्टाने दिलेल्या हुकूमनाम्यात नाव बदलून मिळत नाही. टंकलेखनाची चूक असेल तरच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्ती होते. नावे वेगवेगळी पण व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व लग्नाचा पुरावा दिला. तेवढ्याने काम झाले.

परदेशासाठी प्रत हवी असेल तर नुसती प्रमाणित नक्कल पुरत नाही, तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचे प्रमाणन, लागते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्य पातळीवरचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, ज्याचे मंत्रालयाचे शुल्क कागदामागे ५० रुपये आणि वर एजन्सीचा सेवा आकार. निकालपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतराची तयारी आधीच ठेवा. सही-शिक्के जुने असले की साक्षांकनात अडचण येते, म्हणून घरात १९९० ची प्रमाणित प्रत असली तरी नव्याने काढलेली द्यावी. गोव्यात वाट निराळी आहे. तिथे विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे असते आणि घटस्फोट झाला की त्याचा शेरा त्या विवाहनोंदीवर पडतो, त्यामुळे क्रमांक माहीत नसेल तर सुरुवात विवाहनोंदीच्या उताऱ्यापासून करावी.

ज्यांचा निकाल आत्ताच लागला आहे त्यांना एक विनंती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला मोफत द्यायची आहे. ती मागून घ्या आणि तेव्हाच आणखी दोन प्रमाणित प्रती खर्च भरून काढून ठेवा. प्रकरण ताजे असताना हे काम काही दिवसांचे असते. एक प्रत घरी, एक माहेरच्या विश्वासू माणसाकडे, आणि तिसरी जिथे मूळ मागतील तिथे देण्यासाठी.

आम्ही जूनमध्ये तीन प्रती घेतल्या. एक पेन्शन कार्यालयाने ठेवून घेतली. उरलेल्या दोन्हींच्या पाकिटावर ताईने दोन्ही अर्जांचे क्रमांक, दाखल आणि निकालाच्या तारखा आणि कोर्टाचे नाव लिहून ठेवले आहे.